किल्ल्याची माती: माणदेशातल्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या कडेवरच्या एका गावातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग, पंचवीस-तीस मुलं आणि एक बाई. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी तेव्हा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती होतो आणि या वर्गात अधूनमधून जाऊन बसायचो. निर्णय सगळे बाईंचे. माझं काम बघण्याचं आणि विचारलं तर बोलण्याचं.

गाव पर्जन्यछायेतलं. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मुख्य पीक रब्बी ज्वारी. वरच्या अंगाला उघडा माळ, मधे उतार, खाली ओढा. खडक सगळीकडे एकच, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. तरी माळावर वीतभर मुरमाड जमीन, उतारावर करडी, मध्यम, आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी. पावसाचं पाणी बारीक कण आणि विरघळलेले क्षार खाली वाहून नेतं, भरड तेवढं वर राहतं. म्हणजे एका खडकापासून तीन तऱ्हेच्या जमिनी कशा होतात हे शाळेपासून अर्ध्या तासाच्या चालीत दिसत होतं. पण शिकवण्याचं साधन म्हणून त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

अडचण

मातीचा धडा दिवाळीच्या सुट्टीआधी शिकवून झाला होता. मुलं यादी धडाधड म्हणत: रेगूर (म्हणजे काळी), जांभी, तांबडी, गाळाची, पिवळसर. वहीत पाच चौकोन आणि पाच रंग. बाईंनी सहज विचारलं, "आपल्या मैदानात यातली कोणती?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "बाई, ती माती न्हाई. सरपंचांनी मुरूम टाकलाय."

उत्तर तंतोतंत बरोबर होतं, आणि यादीत कुठेच नव्हतं. बाईंनी पुढचा प्रश्न टाकला: मुरूम म्हणजे काय? एक म्हणाला दगडाचा चुरा, दुसरी म्हणाली वाळून कडक झालेली माती. मग माती कशाची बनते? "मातीचीच की."

मुलांना मातीतलं कळत नव्हतं असं मुळीच नाही. बेंदराला बैल करायला ओढ्याकाठची चिकण लागते, माळावरची चालत नाही, हे पहिलीतल्या पोराला ठाऊक असतं. धाब्यावर पांढरी टाकतात, काळी टाकली तर पावसाळ्यात घर गळतं, हे आजीकडून ऐकलेलं असतं. घटाखाली पसरायला रानातली माती आणायचं काम तर मुलांकडेच असतं. फक्त या कळण्याची आणि वहीतल्या पाच चौकोनांची कधी गाठ पडली नव्हती. बाईंना ती घालून द्यायची होती. त्यांच्या हाती आठवड्याला तीन-चार तासिका होत्या, आणि सुट्टीनंतर महिन्याभरात घटक चाचणी होती.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय मीच सुचवला होता: राज्यभरातल्या मातीच्या नमुन्यांची पेटी. कोकणातली जांभी, विदर्भातली काळी, भंडाऱ्याकडची पिवळसर, काचेच्या बाटल्यांत भरून. पुस्तकाशी थेट जुळणारा आणि चाचणीच्या दृष्टीने सोयीचा. बाईंनी एक आक्षेप घेतला आणि तो मला पटला. बाटलीतली माती वाळलेली, कुटलेली असते. वाळली की रंग फिका होतो, कुटली की ढेकूळ मोडतं, आणि हात न लावता ओळखायची म्हटलं तर रंगाशिवाय काही उरत नाही. मुलं रंगापाशीच अडकलेली असताना पुन्हा रंगच पुढे करण्यात अर्थ नव्हता.

दुसरा, तालुक्याबाहेरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेला भेट. मुख्याध्यापकांना हा आवडला होता, कारण ५ डिसेंबरचा जागतिक मृदा दिन जवळ येत होता आणि फोटो चांगले आले असते. पण प्रयोगशाळा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश मोजते. शेतकऱ्याला ते हवंच असतं. दहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या आकड्यांत नाही. शिवाय गाडीचा खर्च होता. व्हिडिओचाही विषय निघाला. तो नंतर दाखवू, असं ठरून मागे पडला.

उरला तो गावातच माळापासून ओढ्यापर्यंत चालत जाण्याचा. वेळ जास्त जाणार, कपडे मळणार, आणि उकरताना विंचू-काट्याची भीती. बाईंनी हाच निवडला. बाहेरचा नमुना एकच ठेवला: महाबळेश्वरकडच्या नातेवाइकाकडून पिशवीभर जांभी माती आणि जांभ्याचा एक चिरा मागवला, म्हणजे पुस्तकातलं एक तरी नाव हाताला लागेल.

पहिला निर्णय: माती कुठली आणायची

सुट्टी संपताना बाईंनी सांगितलं होतं, "येताना प्रत्येकाने आपापल्या रानातली ओंजळभर माती आणा." दुसऱ्या दिवशी बरीच मुलं पुड्या घेऊन आली. पाच-सहा रिकाम्या हातांनी. त्यांतल्या एका मुलीचं घर ऊसतोडीला जाणारं, एक मुलगा मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला. "आमचं रान न्हाई, बाई."

बाईंनी त्यांना दुसऱ्यांकडून आणायला सांगितलं नाही. त्यांनी कामच बदललं. दिवाळीचे किल्ले अजून अंगणाअंगणांत उभे होते. जागेला सातबारा लागत नाही असा हा मातीचा एकच धंदा. नवीन काम असं: आपल्या किल्ल्याला कुठली माती वापरली, ती कुठून आणली, आणि कुठे चिरा पडल्या, ते सांगा आणि त्यातलं एक ढेकूळ आणा.

इथून वर्गाचा सूर बदलला. पोतं चिखलात बुचकळून दगडांवर टाकायचं तर चिखल कसला हवा, यावर दोन गटांत जोरदार वाद झाला. नुसत्या काळीचा बुरूज दोन दिवसांत तडकतो, नुसत्या मुरमाचा ढासळतो, दोन्ही मिसळली तर टिकतो. मेंढरांमागच्या मुलाने माळावरच्या चार जागा सांगितल्या, जिथे मुरूम बोटांनी चुरतो. ही माहिती जमीनवाल्या घरांतल्या मुलांकडे नव्हती. बाईंनी फळ्यावर एकही नाव लिहिलं नाही. ढेकळं "काय काम करतात" यावरून ढिगांत लावायला सांगितली: चिकटते, तडकते, ढासळते, पाणी धरते. नावं नंतर आली, आधी गावातली, मग त्यांच्या शेजारी पुस्तकातली.

तडकण्याचं मोजमापही झालं. पुठ्ठ्याचे १० सेंटिमीटर लांबीचे साचे करून त्यांत काळीचा आणि मुरमाडचा चिखल भरला. सुकल्यावर मुरमाडची पट्टी होती तशीच राहिली, काळीची दीडेक सेंटिमीटर आखडून कमानीसारखी वाकली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. मुलांना हे नवीन नव्हतं. फूटपट्टीने मोजता येतं, हे नवीन होतं.

दुसरा निर्णय: दरड उलटी वाचली गेली तेव्हा

पुढच्या आठवड्यात वर्ग चालत निघाला. सोबत दोन पालक, मुलांच्या पायांत बूट किंवा चप्पल, उकरण्याचं काम फक्त मोठ्यांकडे. विहीर आणि नवं शेततळं बाईंनी आधीच बाद केलं होतं, कारण काळ्या मातीची कड पायाखालून सुटते. रस्ता रुंद करताना तोडलेली, मुलांच्या खांद्याएवढी दरड त्यांनी हेरून ठेवली होती. वर हातभर करडी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, आणि तळाशी काळे गोटे. खड्यांवर लिंबू पिळलं, फेस आला. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक ओढ्याच्या वाळूत फिरवलं, त्याला काळे दाणे चिकटले. बेसाल्टमधलं लोहखनिज ते. दगडातलं काहीतरी वाळूत आहे याचा मुलांनी स्वतः मिळवलेला हा पहिला पुरावा, आणि त्या दिवशी चुंबकासाठी रांग लागली.

बाईंची अपेक्षा होती की दरड बघून मुलं म्हणतील, खालचा दगड झिजून वरची माती झाली. मुलं उलटं म्हणाली. "बाई, खाली जाईल तसं दबून दबून घट्ट झालंय. मातीचा दगड झालाय." आणि त्यांचा तर्क कच्चा नव्हता. ढेकूळ वाळलं की दगडासारखं होतं, भाजलं की वीट होते, हे त्यांनी पाहिलेलं. दरडीत खाली-खाली कडक होत जातं, हे समोरच होतं.

इथे बाईंपुढे दोन वाटा होत्या. "नाही, उलट आहे" असं सांगून पुढे जायचं, किंवा थांबायचं. वेळ थोडा होता आणि पालक घड्याळ बघत होते. बाईंनी उत्तर दिलं नाही. फक्त तीन गोष्टी पिशवीत घेतल्या: वाळून खणखणीत झालेलं ढेकूळ, मुरमाचा तुकडा, आणि पापुद्रे सुटत आलेला एक गोटा. दख्खनच्या दरडींत असे गोटे जागोजागी दिसतात, बाहेरचे थर बोटांनी निघतात आणि आत कडक काळा गाभा असतो.

वर्गात तिन्ही पाण्यात टाकले. कोरड्या ढेकळातून बुडबुडे सुटले, म्हणजे आत हवा होती, आणि काही मिनिटांत ते विरघळल्यासारखं पसरलं. मुरूम पसरला नाही. मग गोट्याचे पापुद्रे एकेक करून काढले. सगळ्यांत बाहेरचा चुरला तर हातात मुरूमच आला, आतला तेवढा चुरेना. "म्हणजे दगडाचाच मुरूम होतोय," असं म्हणणारी मुलगी तीच, जी आधी मुरमाला वाळलेली माती म्हणाली होती. सगळ्यांना पटलं असं नाही. दोन-तीन मुलं शेवटपर्यंत दबून दगड होण्याच्या बाजूने राहिली आणि बाईंनी त्यांना राहू दिलं.

तिसरा निर्णय: बाटल्यांनी दिलेलं वेडंवाकडं उत्तर

माती कशाची बनते यासाठी नेहमीचा प्रयोग बाटलीचा. माती वाळवून, कुटून, चाळून एक तृतीयांश भरायची, वर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात बसते, पोयट्याचे कण काही तासांत, चिकणमाती दिवसच्या दिवस तरंगते. कारण कणांच्या आकारात अफाट फरक आहे. वाळूचा मोठ्यात मोठा कण २ मिलिमीटर, चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. चिकणमातीचा कण मोहरीएवढा धरला तर वाळूचा दाणा माणसाएवढा होईल.

प्रत्यक्षात काळ्या मातीच्या बहुतेक बाटल्या मधल्या सुट्टीपर्यंत निवळल्या. चिकणमातीचे पुंजके होऊन भराभर खाली बसले आणि वेगळा थर दिसेना. एका गटाची बाटली मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ. माती तीच, ओढ्याकाठची. बाईंनी मला फोन केला. त्या वैतागलेल्या होत्या, कारण पुस्तकातल्या आकृतीसारखी एकच बाटली आली होती आणि तीही का, ते कळत नव्हतं.

माझा सल्ला होता की बिघडलेल्या बाटल्या ओतून टाका आणि धुण्याचा सोडा चिमूटभर घालून सगळ्या पुन्हा लावा. सोड्याने कण सुटे होतात आणि थर छान येतात. बाई म्हणाल्या, "पण पोरं विचारतायत त्याचं काय?" मुलांनी फरक आधीच हेरला होता. गढूळ राहिलेल्या गटाने बाटलीत पिण्याच्या जारचं पाणी ओतलं होतं, बाकीच्यांनी बोअरचं.

मग एकाच मातीच्या तीन बाटल्या लागल्या: बोअरचं पाणी, जारचं पाणी, आणि जारच्या पाण्यात धुण्याचा सोडा. सोडा बाईंनी स्वतः घातला. बोअरची बाटली सगळ्यांत आधी निवळली, सोड्याची आठवडाभर चहासारखी राहिली. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम चिकणमातीचे कण एकत्र आणतं, सोड्यातलं सोडियम ते सुटे ठेवतं. चौथी-पाचवीला कॅल्शियम-सोडियम सांगायचं का, हा प्रश्न होताच. बाईंनी "पाण्यातले क्षार" एवढ्यावर भागवलं, आणि मला ते योग्य वाटलं.

त्याचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. एका मुलाच्या घरचा ओढ्याकाठचा तुकडा चोपण झालेला. त्याने घरी बाटल्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचे आजोबा शाळेत आले. "बाई, आमच्या त्या तुकड्यात पाणी असंच तटून राहतं. कृषी खात्याच्या साहेबांनी जिप्सम टाकाय सांगितलं." चोपण जमिनीत सोडियम जास्त झालेलं असतं, कण सुटे होऊन भोकं बुजतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम ती घडी पुन्हा बसवतं. आजोबांनी त्या मातीची बाटली लावून बघितली. ती गढूळ राहिली. वर्गाने मग कुणी न सांगता चौथी बाटली मागितली, जिप्सम घातलेली.

बाटल्या ओतून टाकल्या असत्या तर यातलं काहीच घडलं नसतं. थर मात्र आकृतीसारखे आले असते.

परिणाम

सुट्टीनंतर महिनाभराने घटक चाचणी झाली. पेपर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी तपासले. "मातीचे प्रकार लिहा" या प्रश्नाला चार-पाच मुलांनी माळावरची, उतारावरची, ओढ्याकाठची आणि चोपण असं लिहिलं, प्रत्येकीचं काम काय तेही लिहिलं, आणि त्यांना अर्धे गुण मिळाले. एका पालकांनी येऊन विचारलं, "मॅडम, चिखलात खेळवून मार्क कसे पडायचे?" प्रश्न रास्त होता. बाईंनी एक तासिका घेऊन पुस्तकातली पाच नावं राज्याच्या नकाशावर लावून घेतली, जांभ्याच्या चिऱ्यापासून सुरुवात करून. पुढच्या चाचणीत यादी आली. पण यादी आणि गावची माती असं दोन्ही मांडणारी उत्तरं थोडीच होती.

मैदानातल्या मुरमाला आता बहुतेक मुलं "अर्धवट झालेली माती" म्हणतात. व्याख्या म्हणून ती फार वाईट नाही.

एक बाजू मात्र कोरडीच राहिली. माती म्हणजे खनिज कण, पाणी, हवा आणि कुजलेला जैव भाग. चांगल्या मातीत आकारमानाने साधारण निम्मा भाग घन असतो आणि निम्मा पोकळ्यांचा, त्या पोकळ्यांत पाणी आणि हवा. यातलं खनिज मुलांनी हाताळलं, हवेचे बुडबुडे पाहिले, जैव भाग जवळपास निसटला. कोरडवाहू रानात तो असतोच कमी, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात गांडूळ शोधून सापडत नाही. बाटलीत वर तरंगणाऱ्या काड्या-मुळ्या मुलं "कचरा" म्हणून काढून टाकत होती.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंचं आणि माझं यावर नंतर सविस्तर बोलणं झालं. काही बाबतींत आमचं एकमत नाही.

ढेकूळ-मुरूम-गोट्याचा प्रयोग दरडीच्या आधी घ्यावा, असं मला वाटतं. म्हणजे दरडीपाशी उभं राहताना मुलांच्या हाती कसोटी असेल. बाईंचं म्हणणं वेगळं. मुलांनी दरड उलटी वाचली म्हणूनच तिन्ही वस्तू पाण्यात टाकण्याला अर्थ आला, आधी केला असता तर तो आणखी एक कार्यक्रम झाला असता. त्यांच्या बाजूने झुकतं माप द्यावं लागेल, पण त्यांच्याइतका सावध शिक्षक नसेल तर उलटं वाचन तसंच घरी जाण्याचा धोका राहतो.

चाचणीचा प्रश्न आधीच तपासनिसांशी बोलून घ्यायला हवा होता, यावर दोघांचं एकमत. स्थानिक मातीवर आधारलेला एक प्रश्न पेपरात घालणं केंद्र पातळीवर अवघड नव्हतं.

जैव भागासाठी धड्याचे दोन तुकडे करावेत: पावसाळ्यात, उकिरड्याजवळची आणि बांधावरच्या झाडाखालची ओली माती पांढऱ्या ताटात पसरून जीव शोधणं, आणि दिवाळीनंतर किल्ला, दरड, बाटल्या. वेळापत्रकात हे बसवणं कठीण आहे, कारण जून-जुलैत वर्ग नुकताच लागलेला असतो. पण बेंदूर तेव्हाच येतो, आणि मातीचे बैल घेऊन मुलं वर्गात येतातच.

कोकणातल्या एका शाळेने हे जसंच्या तसं करायचं ठरवलं, तेव्हा आम्ही त्यांना एक गोष्ट आवर्जून कळवली. ढेकळाची कसोटी तिथे तशी चालणार नाही. जांभा खाणीतून ओला काढताना कुऱ्हाडीने तासता येण्याइतका मऊ असतो, हवा लागून वाळला की टणक चिरा होतो, आणि पाण्यात टाकला तरी विरघळत नाही. तिथलं एखादं मूल म्हणालं की मऊ होतं ते वाळून दगड झालं, तर त्याला चूक म्हणण्याआधी बाईंना खाणीवर जाऊन यावं लागेल.